सात हमिंगबर्ड आणि एक बंद दार

"नील, नीट ढकल ना!"

"ढकलतोय! बाहेरून कुलूप आहे, ईशू!"

ईश्वरीनेही खांदा लावून पाहिला. दार तसूभर हललं नाही. झालं! ऑक्टोबरच्या सुट्टीचा तिसराच दिवस, आणि तिघं एका काचेच्या दालनात अडकली. सोबतीला कोण, तर सात हमिंगबर्ड!

जर्मनीतल्या ब्राउनश्वाइग शहराजवळच्या या पक्षी-उद्यानात अमेरिकेतले माळ, दलदली, वाळवंटं असं सगळं हुबेहूब उभं केलं होतं. हे दालन डोंगरातल्या जंगलाचं होतं. सकाळी अरुंधतीमावशीने तिघांना फाटकाशी सोडलं होतं आणि पाच वाजता न्यायला येणार होती. नील तिचा मुलगा, तेरा वर्षांचा. तो इथेच जन्मलेला, त्यामुळे घाईत असला की जर्मनच बोलायचा. बारा वर्षांची ईश्वरी आणि नऊ वर्षांचा ओजस ही भावंडं आईच्या संशोधनासाठी पुण्याहून वर्षभर आलेली. फोन आणि पिशव्या नियमाप्रमाणे बाहेरच्या कपाटात ठेवलेल्या.

खरं तर चूक त्यांच्या शहाणपणाचीच होती. पक्षी बघायचे तर मुळीच हलायचं नाही, असं ईश्वरीने दोघांना बजावलं होतं. तिघं नेच्यांच्या झुडपामागे अशी काही गुपचूप बसली, की राखणदार क्रेमरकाका शीळ घालत आले, दारातूनच एक नजर टाकली आणि कुलूप लावून चालते झाले! हाका मारेपर्यंत माणूस गायब.

"येतील दोन वाजता," ओजस म्हणाला. "तिथे तक्ता आहे बघ."

भिंतीवर खरंच तक्ता होता. दर दोन तासांनी खाद्य, तापमान, पक्ष्यांची मोजणी आणि पुढे सही. ईश्वरीने तो वाचला आणि घड्याळाकडे पाहिलं. आत्ता कुठे पाऊण वाजत होता.

"नील, दोनच्या रकान्यात बरोबरची खूण आहे. चारच्याही! 'चार वाजता सातही पक्षी ठणठणीत, दालन रिकामं.' खाली सही!"

"हा माणूस ज्योतिषी आहे का गं?" ओजसने विचारलं.

"कसला ज्योतिषी! कामचुकार आहे. म्हणजे उद्या सकाळपर्यंत इथे कोणी फिरकणार नाही. मावशी पाचला येईल, पण आपण इथे आहोत हे तिला कुठे ठाऊक?"

बंद जागेची ईश्वरीला मनापासून भीती वाटायची. पुण्यात एकदा लिफ्टमध्ये दहा मिनिटं अडकली, तर आठवडाभर जिने चढत होती! त्यात हीटर गार पडलेला. खाद्याच्या बाटल्यांकडे पाहिलं, तर सगळ्या कोरड्या ठणठणीत.

"ईशूताई, हा बघ!" ओजस ओरडला.

झुडपाखाली एक हमिंगबर्ड पडला होता. अंगठ्याएवढा जीव, डोळे मिटलेले. ईश्वरीने त्याला अलगद उचलून लोकरीच्या टोपीत ठेवलं. छाती अगदी हळू हलत होती.

"गेनाऊ! बरोब्बर! संकटकाळचं दार आहे की!" नीलने कोपऱ्याकडे धाव घेतली आणि लाल दांड्यावर हात ठेवला. "दाबलं की आपण बाहेर!"

"थांब! वरची पाटी वाच!"

नीलने वाचली. दार थेट उघड्यावर जात होतं आणि एकदा उघडलं की चावीशिवाय बंद होत नव्हतं. बाहेर सहा अंश तापमान आणि बोचरा वारा.

दार तीन पावलांवर. ईश्वरीला वाटलं, दाबावं आणि पळत सुटावं! डोळ्यांत पाणी आलं तिच्या. पण हातातल्या टोपीत तो जीव धुगधुगत होता.

"नाही उघडायचं," ती म्हणाली. "आपण सुटू, हे मरतील. आग लागली तरच उघडायचं."

नीलने दांडा सोडला. "मग काय करायचं?"

"आधी खाऊ घालू. माहितीफलकावर लिहिलंय, एक भाग साखर, चार भाग पाणी."

"साखर कुठून आणणार?"

ओजसने खिसा चाचपला. त्याला गाडी लागायची, म्हणून आई खडीसाखरेची पुडी दिल्याशिवाय त्याला घराबाहेर सोडत नसे. "पण सगळी नाही हं देणार!"

"ओजस!"

"बरं, घ्या सगळी!"

नळाच्या पाण्याने बाटल्या धुतल्या, दगडाने खडे कुटले, विरघळवले. बाटल्या टांगताच सहा पक्षी घुं घुं करत आले. सातवा मात्र डोळे उघडेना. ईश्वरीने त्याच्या चोचीशी थेंब धरला. पुन्हा धरला. कितीतरी वेळाने दोऱ्यासारखी जीभ हलली.

"प्यायला!" तिघं एकदम कुजबुजली.

आता सुटकेचं बघायला हवं होतं. नीलने धुकट काचेवर उलट्या अक्षरांत 'वाचवा' असं जर्मनमध्ये लिहिलं. एक आजीबाई कुत्र्याला घेऊन आल्या, वाचलं, हसल्या, हात हलवून निघून गेल्या!

"त्यांना वाटलं आपण खेळतोय," नील चरफडला. "थांब, जर्मन माणसाला पटेल असं लिहितो."

त्याने लिहिलं, 'संकटकाळचं दार उघडू नका. पक्ष्यांना खाद्य मिळालेलं नाही. तक्ता खोटा आहे. कृपया व्यवस्थापकांना बोलवा.'

पुढच्या काकांनी ते चष्मा लावून दोनदा वाचलं आणि अक्षरशः पळत सुटले!

पावणेतीनला कुलूप खडखडलं. पक्षी निसटू नयेत म्हणून केलेल्या दुहेरी दारातून व्यवस्थापक लांगेबाई आल्या आणि मागून क्रेमरकाका. पाठोपाठ, नीलने काचेवर लिहिलेल्या नंबरावर फोन करून बोलावलेली अरुंधतीमावशी धापा टाकत आली.

"मी नेमाने फेऱ्या मारल्यात!" क्रेमर गुरगुरले. "हा बघा तक्ता!"

"चारचीसुद्धा मारलीत, काका?" ईश्वरीने जर्मनमध्ये शांतपणे विचारलं.

लांगेबाईंनी तक्ता पाहिला, घड्याळ पाहिलं, गार पडलेली हीटरची खोली पाहून आल्या. क्रेमरांचा चेहरा खर्रकन उतरला. बाईंनी त्यांच्याकडून किल्ल्या काढून घेतल्या.

"संकटकाळचं दार तर होतं," त्या मुलांना म्हणाल्या. "का नाही उघडलंत?"

"पक्षी गारठले असते," नील म्हणाला.

लांगेबाईंनी भरलेल्या बाटल्यांकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "वीस वर्षं इथे आहे. असे राखणदार मला मिळाले नाहीत."

मावशीने तिघांना जवळ ओढलं. "गाढवांनो, जीव टांगणीला लागला होता माझा! आणि शाब्बास! चला आता घरी."

नील निघाला, ओजस निघाला. आतलं दार उघडं होतं, पण ईश्वरी जागची हलेना. तिच्या टोपीत सातवा अजून बसून होता.

"हा उडेपर्यंत थांबू?"

लांगेबाईंनी दार हळूच लावून घेतलं आणि सगळे मुकाट्याने उभे राहिले. बंद दालनात आता ईश्वरीला मुळीच भीती वाटत नव्हती. दहा मिनिटं गेली. टोपी थरथरली. घुर्रर्र! सातवा सरळ बाटलीवर गेला आणि त्याने तिथल्या पक्ष्याला टोच मारून हाकलून लावलं.

"अगं, भांडायला लागला!" ओजस नाचत ओरडला. "म्हणजे बरा झाला!"