दोष आधी सांगणारा दुकानदार

पेणच्या बाजारातले दिवे गेले तेव्हा रिझवाना घड्याळाचा पट्टा बदलायला एका दुकानाच्या पायरीवर उभी होती. रविवारची दुपार, चारच वाजले होते, पण आभाळ इतकं भरून आलं होतं की दुकानात एकदम अंधार झाला. समोरच्या गणपतीच्या कारखान्यातले पंखे थांबले आणि रंगारी हात पुसत बाहेर येऊन बसले. त्या अंधारात, काउंटरच्या मागे, एक छोटी लाल गाडी मात्र भरधाव पळत होती.

रिझवाना पुढे वाकली. दप्तरासारखी घडी होणारी एक काळी पेटी, तिच्या झाकणात पडदा, आणि पडद्यावर ती गाडी.

"हा बॅटरीवर चाललाय?" तिने विचारलं.

"थांबा... एवढं वळण घेतो." खेळणाऱ्याने मान वर केली नाही. गाडी कठड्यावर आपटली. आता त्याने वर बघितलं. "तुमच्यामुळे गेली."

"वळण तुम्हीच उशिरा घेतलंत."

तो हसला. त्याचं नाव आकिब. दुकान त्याच्या वडिलांच्या वेळचं. आखातातून सुट्टीवर येणारी माणसं सोबत आणलेला माल इथे विकून जायची. कॅमेरे, टू-इन-वन, इमर्जन्सी दिवे, आणि हल्ली क्वचित एखादा लॅपटॉप. ते नव्व्याण्णव साल होतं. कॉम्प्युटर म्हणजे टेबलावर कव्हर घालून ठेवायची वस्तू, अशी तेव्हा सगळ्यांची समजूत होती. तो मांडीवर घेऊन खेळता येतो हे अनेकांनी नुसतं ऐकलं होतं.

रिझवानाने ऐकलं होतं, कारण ती रोह्याच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायची. आणि संध्याकाळी पूल ओलांडून पलीकडच्या अष्टमी गावात घरी आली की पडवीत आसपासची दहा-बारा मुलं गोळा करायची. पाढे म्हणायला जी मुलं जांभया देतात, तीच मुलं पडद्यावरचं जहाज वाचवायला पन्नास बेरजा न कंटाळता करतात, हे तिने क्लासमध्ये पाहिलं होतं. म्हणून तिला गेम चालणारा कॉम्प्युटर हवा होता. पण मुलं यायची साडेसहाला, आणि अष्टमीतले दिवेही नेमके साडेसहाला जायचे.

"मला हा हवाय," ती म्हणाली.

"नाय, तसा नाय देत मी. आधी दोष ऐका. याची बॅटरी दमलीय. गेम लावला की पाऊण तास, फार तर पंचावन्न मिनिटं. वजन साडेतीन किलो. पंखा आवाज करतो."

"आणि चांगलं काय?"

"विचारलंत तर सांगतो. अंग मजबूत हाय. ही बिजागरी बघा, झाकण हजारदा उघडा, ढिली पडणार नाय." मग त्याने खालून दुसरा काढला. चंदेरी, पातळ, देखणा. "हा अडीच तास चालतो. पण बिजागरीला चीर गेलीय, आणि कव्हर असं दाबलं की आत जातं. पोरांच्या हातात किती दिवस टिकेल, अल्ला जाणे."

"असे दोष सांगत बसलात तर विकता काय?"

"आमच्या वडिलांची रीत हाय. दोष दुकानदाराने सांगायचे, गुण गिऱ्हाइकाने विचारायचे. न विचारता गुण सांगितले की गिऱ्हाइकाला वाटतं, हा काहीतरी लपवतोय." त्याने दोन्ही पेट्या तिच्याकडे सरकवल्या. "एक आठवडा हा न्या, एक आठवडा तो. मुलांना खेळू द्या. मग ठरवा."

"आणि मी परत आलेच नाही तर?"

त्याने तिच्याकडे बघितलं... जरा जास्तच वेळ. "याल," तो म्हणाला. "घड्याळ इथेच हाय तुमचं."

त्या रविवारी ती चंदेरी लॅपटॉप मांडीवर घेऊन एसटीत बसली. गडब गेलं, नागोठणं गेलं. खिडकीतून पावसाचे तुषार येत होते आणि तिने ओढणी स्वतःऐवजी पेटीवर घातली होती.

पुढच्या रविवारी ती मुलांनी केलेली यादी घेऊन आली. "आकिबभाई, ऐका—"

"भाई नको."

"मग काय म्हणू?"

"दुकानदार म्हणा."

"बरं. दुकानदार, तुमची बॅटरी बढाया मारते. अडीच तास कुठले? पाढ्यांच्या गेमला दोन तास दहा मिनिटं, गाडीच्या गेमला दीड."

"सीडी आत ठेवून खेळलात?"

"हो."

"ती सारखी फिरते ना, ती बॅटरी खाते. आणि पडद्याचा उजेड पूर्ण ठेवला असेल. निम्मा करा." तो शिकवायला लागला की त्याचा चेहरा बदलायचा, भुवया वर जायच्या. "गेम म्हणजे धावणं. लिहिणं म्हणजे चालणं. धावणारा लवकर दमणारच की, टीचर."

तिला 'टीचर' सगळेच म्हणायचे. त्याच्या तोंडून ते वेगळं वाटलं.

"चंद्रावतीने झाकण धरून ओढलं," ती म्हणाली. "आता पडदा उभा राहत नाही. मागे उशी ठेवावी लागते."

"नुकसान झालं म्हणून घाबरत सांगताय?"

"मी नाही घाबरले. चंद्रावती दोन दिवस आली नाही."

"तिला सांगा, चीर आधीपासून होती. दुकानदाराने लिहून दिलंय म्हणावं." आणि त्याने खरंच एका पावतीच्या मागे तसं लिहिलं, खाली सही केली, चंद्रावतीच्या नावाने. ती पावती घेताना रिझवानाच्या मनात काहीतरी हललं. ज्या मुलीला कधी पाहिलं नाही तिची भीती घालवायला हा माणूस सही करतो...

दोन आठवड्यांचे सहा झाले. कधी काळा लॅपटॉप, कधी चंदेरी. कधी नुसतंच, "चार्जर गरम होतोय, बघा जरा." चार्जर गरम होणारच, हे दोघांनाही ठाऊक होतं. तो चहा मागवायचा, ती बशीत ओतून प्यायची, आणि परतीची एसटी दर वेळी एक-एकाने उशिराची होत गेली.

"निवड झाली का, टीचर?" त्याने गणपती होऊन गेल्यावर एकदा विचारलं. समोरचा कारखाना रिकामा, शांत होता.

"झाली. काळा."

"पंचावन्न मिनिटंच चालेल."

"मुलांना पंचावन्न मिनिटांत जेवढं शिकवायचं तेवढं शिकवीन. बॅटरी बदलता येते. जोड तुटला की तुटला." ती थांबली. "तुम्ही फक्त लॅपटॉपचंच विचारणार?"

तो पावतीपुस्तकाची पानं चाळत राहिला. कान लाल झाले होते.

"घरी माझं बघतायत," ती हळूच म्हणाली. "म्हसळ्याचं स्थळ आहे, मुलगा कतारला असतो. मी अम्मीला सांगितलंय... तुमचं नाव. अब्बा चौकशीला येतील. या आठवड्यातच."

"मी बोलेन त्यांच्याशी," आकिब म्हणाला. "तू काळजी करू नको, रिझवाना." तिचं नाव त्याने पहिल्यांदाच घेतलं होतं.

तिचे अब्बा, सईद, कुवेतला वीस वर्षं ट्रक चालवून आलेले, थोडक्यात बोलणारे गृहस्थ. ते बुधवारी पेणला गेले आणि दुपारीच परत आले. टोपी काढून खुंटीला अडकवली, पाणी प्यायले आणि अम्मीला म्हणाले, "त्या पोराला करायचं नाय, रशिदा."

"असं म्हणाला तो?"

"सरळ कोण म्हणतो? मी विचारलं, बाबा, तुझं काय ते सांग. तर म्हणतो, दुकान भाड्याचं हाय. डाव्या कानाने कमी ऐकू येतं. आई अंथरुणाला खिळलीय, येणाऱ्या मुलीला तिचं करावं लागेल. आधी एकदा ठरलेलं मोडलंय. एवढं बोलला आणि गप्प बसला. मी चहा संपेपर्यंत वाट बघितली. एक शब्द पुढे नाय." त्यांनी पेला खाली ठेवला. "ज्याला मुलगी हवी असते तो असं बोलतो काय? इज्जतीने नाय म्हणाला तो. चांगला पोरगा हाय, आपला मान ठेवला."

पडद्याआड उभी राहून रिझवाना ऐकत होती. तिला सगळं कळलं. चहाच्या त्या वेळात आकिब कशाची वाट बघत बसला होता, हेही कळलं.

दुसऱ्या दिवशी ती क्लासला न जाता पेणला गेली.

"गुण का नाही सांगितलेस?"

"त्यांनी विचारलेच नाय." त्याचा चेहरा ओढलेला होता. "मी वाट बघत होतो गो. आता विचारतील, मग विचारतील..."

"ते गिऱ्हाईक नव्हते, आकिबभाई. बाप होता माझा."

'भाई' त्याला लागलं. लागावं म्हणूनच ती म्हणाली होती.

"मग मला सांग आता," ती म्हणाली. "मी विचारतेय."

तो काउंटरकडे बघत, अडखळत म्हणाला, "आईला रोज मी भरवतो. चिडत नाय. उधार... नाय, ते जाऊ दे. दर रविवारी मी सकाळपासून रोह्याची एसटी बघतो. तू येईपर्यंत भूक लागत नाय. हा गुण हाय की नाय, माहीत नाय."

तिला हसू आलं आणि रडूही. "हे अब्बांना सांग. उद्या जुम्म्याच्या नमाजनंतर घरी ये. म्हसळ्याला अजून शब्द दिलेला नाही. मी बोलून पाहिलं, पण ते म्हणाले, एकदा तुझं ऐकून गेलो, त्याने नको म्हटलं, आता माझं ऐक. आता तूच बोलायला हवंस. कोणी विचारायची वाट बघू नकोस."

"नाय बघणार."

तो आला. पांढरा कुर्ता, केस ओले, हातात मिठाईचा पुडा. पडद्याच्या फटीतून रिझवानाला त्याचे गुडघ्यांवर ठेवलेले हात दिसत होते. तिने सरबताचा ट्रे खाली ठेवला.

"बरं झालं आलास," अब्बा म्हणाले. "मीच येणार होतो तुझ्याकडे."

"चाचा, मला एक—"

"आधी माझं काम. तू सरळ माणूस, आणि गल्फची सगळी पोरं तुझ्या दुकानात येतात. म्हसळ्याचा तो कतारवाला, आमच्या रिझवानासाठी सांगून आलाय. ओळखतोस ना?"

"ओळखतो."

"मग सांग. माझी एकच मुलगी हाय. तू म्हणशील त्याच्यावर मी जाईन."

पडवीत आज लवकरच आलेली मुलं दंगा करत होती. रिझवाना मनात म्हणत होती, म्हण ना, फारसं माहीत नाही. तीन शब्द. नाहीतर म्हण, चाचा, मला विचारू नका, मलाच हवी आहे ती.

"पाच वर्षं माल देतो तो मला," आकिबचा आवाज आला, सावकाश, प्रत्येक शब्द जोखत. "एकदाही फसवलं नाय. बहिणींची लग्नं त्यानेच केली. दारू नाय, जुगार नाय."

"आणि दोष? तू दोष आधी सांगतोस, मला माहीत हाय."

त्याचे हात गुडघ्यांवरून उठले आणि पुन्हा तिथेच टेकले.

"मला माहीत असलेला एकही नाय, चाचा."

अब्बांनी मोठा श्वास सोडला. "जिता रह. छातीवरचा दगड उतरवलास बघ. हां, तू काय सांगत होतास?"

"काय नाय. सहज आलो होतो... मुलांचा लॅपटॉप नीट चालतो का बघायला."

तो सरबत न घेता उठला. रिझवाना मागच्या दाराने, घराला वळसा घालून, कुंपणापाशी त्याच्या आधी पोचली होती.

"एवढंच म्हणायचं होतं. माहीत नाही, म्हणून."

"मला माहीत होतं गो." त्याचे डोळे भरले होते. "भरवसा ठेवून विचारलं त्यांनी. तुझ्या आयुष्याचं विचारलं. माझ्यासाठी खोटं बोललो असतो तर तू मला ओळखलं असतंस?"

"नसतं ओळखलं." तिचा आवाज अगदी शांत होता. "पण आता ओळखून मी काय करू, आकिब? त्या कतारवाल्याबद्दल खरं बोललास. स्वतःबद्दल खरं बोलायला तुझी जीभ का उचलली नाही? मी तुला हवी होते, हे तर खरं होतं ना? तेही तुला माहीत होतं."

त्याने एकदा हात पुढे केला, कुंपणाच्या काठीवर ठेवला, आणि मागे घेतला. मग तो पुलाच्या दिशेने चालायला लागला. ती तो दिसेनासा होईपर्यंत उभी राहिली नाही. मुलं हाका मारत होती.

घरात अब्बा शब्द द्यायला म्हसळ्याला फोन लावत होते. लाइन मिळत नव्हती. ते चष्मा सावरून पुन्हा पुन्हा नंबर फिरवत होते. पडवीत मुलांच्या मध्ये बसलेली रिझवाना चंद्रावतीला सातचा पाढा सांगत होती आणि फोनच्या तबकडीचा आवाज ऐकत होती.

चौथ्यांदा लाइन लागली.