बाराची हजेरी

शिडाच्या बोटीवर राहून आलेल्या माणसाला लोक वादळाबद्दल विचारतात, माशांबद्दल विचारतात. इंटरनेटबद्दल कोणी विचारत नाही. आणि आमच्या बोटीवर वर्षभर रोजचं भांडण होतं ते त्याचंच.

मी तीस वर्षं एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये काढली. बोल्ट किती आले, किती गेले आणि किती कुणाच्या खिशातून गेले, हे मला नुसत्या ढिगाकडे बघून कळायचं. नवरा तिथेच मशीनवर. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक जुनी बोट घेतली आणि स्वतःला कप्तान म्हणवून घ्यायला लागले. म्हटलं, व्हा कप्तान. पण स्टोअर माझं. पाणी, गॅस, बिस्किटं, बॅटरी आणि इंटरनेट, सगळं माझ्या ताब्यात.

मागच्या कठड्याला खांब होता, त्यावर उपग्रहाची पांढरी तबकडी. ती फ्रिजपेक्षा जास्त वीज खायची. म्हणून ती दिवसातून एकच तास चालू, साडेअकरा ते साडेबारा. आधी हवामान, मग निरोप, आणि उरलं तर कप्तानांचे इंजिन दुरुस्तीचे व्हिडिओ.

"अगं, पाचच मिनिटं दे. त्याने आत्ता कुठे पंप उघडलाय."

"त्याला सांगा, झाकून ठेव. उद्या साडेअकराला उघड."

ठीक बारा वाजता मी मुलीला निरोप पाठवायची. बोटीचं ठिकाण, मग 'दोघं बरे', आणि जागा उरली तर कप्तानांना एक टोमणा. याला आम्ही बाराची हजेरी म्हणायचो. ही पद्धत मी लावली, कारण पहिल्याच महिन्यात व्हिडिओ कॉल मधेच अडकला, पडद्यावर बापाचं उघडं तोंड गोठून राहिलं, आणि आमच्या कन्येने दोन बंदरांतले पोलीस कामाला लावले. बाप जांभई देत होता. तेव्हा मी नियम सांगितले. चोवीस तास हजेरी आली नाही तर तटरक्षकांना फोन करायचा, त्याआधी नाही. मुलगी बँकेत फसवणुकीच्या फोनांच्या विभागात आहे. हल्ली यंत्राने आईचा हुबेहूब आवाज काढून लोकांना लुटतात, हे तीच सांगायची. म्हणून दुसराही नियम केला. हजेरीत नसेल ते खरं मानायचं नाही, मग फोनवर कोणी कितीही रडो. हे वाक्य माझं. ते मी तिच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं होतं.

एका सोमवारी, हजेरी पाठवून तीन तास झाले असतील, वारा एकदम फिरला. आकाश स्वच्छ होतं. डोलकाठी बुडापासून मोडली आणि जाताना तबकडी, सौरपट्टी आणि रेडिओची तार घेऊन समुद्रात गेली. शिडाचा आडवा दांडा कप्तानांच्या पायावर आला. दोर बोटीखालच्या पंख्यात गुंडाळला गेला आणि इंजिन बंद पडलं. संकटात दाबायचं एक पिवळं यंत्र आमच्याकडे होतं, त्याची बॅटरी आठ महिन्यांपूर्वी मेली होती. मी ती यादीत तीनदा लिहिली होती. तीनदा 'पुढच्या बंदरात बघू' हे उत्तर आलं होतं. पाय मोडलेल्या माणसाला त्या वेळी बोलू नये, म्हणून मी बोलले नाही. दुसऱ्या दिवशी बोलले.

पण मला खरी चिंता नव्हती. मंगळवारी बाराला हजेरी जाणार नाही, मुलगी फोन करेल, बुधवारपर्यंत कोणी तरी येईल. पायाला दोन फळ्या बांधल्या, पाण्याचं माप लावलं आणि डेकवर बसले.

बुधवारी कोणी आलं नाही. गुरुवारीही नाही.

"मीटिंगमध्ये असेल गं," कप्तान म्हणाले.

"दोन दिवस?"

"मोठी बँक आहे."

मला हसू आलं नाही. पोटची पोर! बाप जांभई देतो तर पोलीस, आणि बाप गप्प झाला तर काही नाही! शुक्रवारी त्यांच्या पायाची बोटं काळीनिळी दिसायला लागली आणि अंगाला ताप भरला. मी समुद्राकडे बघून मुलीला मोठमोठ्याने बोलत होते. लहानपणापासूनचं सगळं काढलं. कप्तान म्हणाले, "हळू बोल, कोणी ऐकेल." मैलोन्‌मैल कोणी नव्हतं. तरी मी आवाज खाली आणला, आणि का आणला ते मला सांगता येणार नाही.

माझा मोबाइल मी बंद ठेवला होता. सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा चालू करून बघायचे. रविवारी क्षितिजावर डोंगरासारखं काही तरी दिसलं म्हणून अवेळी चालू केला. बॅटरी नऊ टक्के. वेळ अकरा चाळीस. आणि वरच्या कोपऱ्यात नेटवर्कची एक दांडी.

पहिल्याच घंटेला मुलीने उचलला.

"बोल आई. आज बाराच्या आधीच?"

इतका निवांत आवाज! मी सुटले. सहा दिवस, तुझ्या बापाचा पाय सडतोय, झोपा काढत होतीस का, चोवीस तास कुणाला म्हणतात ते तरी कळतं का? मधेच केव्हा तरी पलीकडचा श्वास बदलला, ते मला उशिरा जाणवलं.

"आपण कोण बोलताय?" तिने विचारलं.

आपण! ऑफिसातला आवाज. शांत, गोड, दार लावून घेतलेला.

"कोण म्हणजे? आई बोलतेय तुझी!"

"आईचे मेसेज रोज येतायत. बाराच्या ठोक्याला."

"कसे येतील? तबकडी समुद्रात आहे!"

"कालच्या मेसेजमध्ये तिने लिहिलंय की असा फोन येईल." आणि तिने वाचून दाखवलं. "'दोघं बरे. कोणी तरी माझ्या आवाजात फोन करेल, बाबांचा पाय मोडला म्हणेल, तुलाच चार शब्द सुनावेल. आपला नियम लक्षात आहे ना?'"

मी म्हटलं, आधीचे वाच.

तिने वाचले. मंगळवार, 'दोघं बरे, कप्तानांनी दाढी केली नाही, ऐकून घेतलं माझं.' गुरुवार, 'आज एका बिस्किटाचे दोन तुकडे केले. मोठा त्यांनी मला दिला, आणि मला ते कळलं नाही असं त्यांना वाटलं.'

गुरुवारी तसंच झालं होतं. केबिनमध्ये, दार लावून. मी त्याबद्दल कप्तानांनाही बोलले नव्हते.

स्टोअरमधल्या माणसाला खोटी नोंद लगेच कळते. यात खोटं काहीच नव्हतं. माझे शब्द, माझा टोमणा, खरी घडलेली गोष्ट. फक्त पाय गाळला होता.

"काही विचार मला," मी म्हटलं. "फक्त मलाच माहीत असेल असं."

तिने विचारलं, "सातवीत असताना मी एकदा शाळेतून घरी आले नव्हते. कुठे सापडले?"

"लाँड्रीत. इस्त्रीच्या टेबलाखाली झोपली होतीस. परीक्षेचा निकाल होता त्या दिवशी."

"थांबा. मी तिलाही विचारते."

बॅटरी सहा टक्के. तिची बोटं पडद्यावर टिकटिकताना मला ऐकू येत होती. मग तिच्या फोनने किणकिण केलं.

"ती म्हणते, लाँड्रीत. टेबलाखाली." तिचा आवाज हलला. "आणि म्हणते, माझ्या मुठीत निळं बटण होतं. झोपेतही सोडत नव्हते."

बटण.

होतं. मला तेव्हा आठवलं. मीच तिची मूठ उघडली होती, आणि इतकी वर्षं मी ते साफ विसरले होते.

"तुम्ही बटणाचं नाही बोललात," मुलगी म्हणाली.

"अगं, सहा दिवस मी..."

"पुन्हा या नंबरवर फोन करू नका."

तिने ठेवला. माझ्या पोरीने, माझ्याच नियमाने, माझा फोन ठेवला. मी पुन्हा लावला, तो लागला नाही. तिने नंबर अडवला होता. बॅटरी चार टक्के होती.

मग मी जावईबापूंना फोन लावला. तो माणूस लग्नात तीन वाक्यं बोलला होता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, नकाशावरचं टिंब मागितलं आणि म्हणाले, "फोन खोटा असला तर एक बोट उगाच फिरून येईल. खरा असला तर पाय वाचेल. मी करतो फोन."

चार तासांनी तटरक्षकांची बोट आली. त्यांचा अधिकारी वहीत लिहिता लिहिता म्हणाला की मुलीकडे येणाऱ्या निरोपातलं ठिकाण आणि आम्ही सापडलो ते ठिकाण अगदी एकच होतं. ते निरोप कोणी पाठवले, हे मी त्याला विचारलं. त्याने माझ्याकडे बघितलं आणि पान उलटलं.

डॉक्टर म्हणाले, अजून एक दिवस गेला असता तर पाय गुडघ्यापासून काढावा लागला असता.

मुलगी हॉस्पिटलमध्ये आली. रडली, माफी मागितली. माझा हात धरला, पण मनगटाशी, नाडी बघतात तसा. मी म्हटलं, "झालं गेलं. निरोप बंद झाले ना?"

"बंद झाले," ती म्हणाली.

पाय प्लास्टरमध्ये आहे तोवर आम्ही तिच्याकडेच राहतोय. ती नीट वागते. खायला-प्यायला विचारते. मी काही जुनं सांगायला लागले की मान हलवते, आणि मग सहज विचारावं तसं काही तरी विचारते. तेव्हा मी कुठला सदरा घातला होता? गाडी चुकली तेव्हा कोण रडलं? कधी मला आठवतं, कधी नाही. नाही आठवलं की ती म्हणते, "असू दे." मला त्या 'असू दे'चा भयंकर संताप येतो. चुकलेल्या मालावर शिक्का मारून बाजूला ठेवावा तसं वाटतं. तीस वर्षं मी हेच केलं, मला तो आवाज ओळखू येतो.

कप्तानांना सांगितलं. ते म्हणाले, "धक्का बसलाय तिला. वेळ दे."

मी वेळ दिला. आज एकोणिसावा दिवस.

आज मी स्वयंपाकघरात ताटं घेत होते. ती टेबलाशी पाठमोरी बसली होती. फोनने किणकिण केलं. मी घड्याळ बघितलं नाही. गरज नव्हती.

पाणी ठेवायच्या निमित्ताने मी तिच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिले. चष्मा डोळ्यांवर होता, सगळं स्पष्ट दिसलं.

'दोघं बरे. बंदर दिसायला लागलंय. ती बाई अजून तुझ्याकडेच आहे का?'

मुलीने मागे वळून बघितलं नाही. अंगठ्याने हळूहळू लिहिलं.

'हो. आत्ता माझ्या मागेच उभी आहे.'