लाल चिंधी

सासऱ्यांची जुनी गाडी रविवारी सकाळी भंगारात जाणार होती. गॅरेजची जागा सोडायची होती, आणि गाडी स्वतःच्या चाकांवर बाहेर पडली नाही तर ओढून न्यायला ट्रक ठरलेला होता. सासऱ्यांचे हात आता थरथरतात. दाराशी खुर्ची टाकून ते गाडीकडे बघत बसायचे. त्यांना एकदा तरी तिच्यात बसवून फिरवून आणायचं, हा आमचा हट्ट.

मी विमा कंपनीसाठी अपघाती गाड्यांचं नुकसान मोजतो. बायको दातांची डॉक्टर. तरीही आम्ही गाडीचं ते दोन सिलिंडरचं, वाऱ्यावर थंड होणारं छोटं इंजिन बांधायला घेतलं. धड मूळचं, उजवी बाजू भंगारवाल्याकडची, आणि डावी मीच निकालात काढलेल्या एका अपघाती गाडीची. शेजारी आम्हाला वेड लागलंय म्हणायचे आणि त्यांचं फारसं चुकत नव्हतं.

ती दवाखान्यातून सुटली की ती, मी ऑफिसातून सुटलो की मी, अशी पाळी होती. म्हणून नियम केला: काम अर्धवट राहिलं की इंजिनावर तिथे लाल चिंधी बांधायची. पुरं करेल त्याने सोडायची. संसारात इतका सरळ नियम आम्हाला कधी जमला नव्हता.

उजव्या बाजूने घाम फोडला. कानस चालवली, पातळ पत्रे घातले, तेव्हा कुठे ती बसली. डावीची काहीच कुरकुर नव्हती.

शनिवारी मी प्लगच्या भोकांवर अंगठे धरले आणि बायकोला इंजिन हाताने फिरवायला सांगितलं. पिस्टन वर आला की हवेने अंगठा उचलला जायला हवा. उजवीकडे उचलला गेला. डावीकडेही. फक्त डावीकडची हवा ओलसर होती, कोमट होती. गार लोखंडातून कोमट हवा यायचं कारण नव्हतं. मी अंगठा पुसला आणि प्लग बसवले.

"डावी बाजू कोणी बसवली?" सासऱ्यांनी विचारलं.

बायकोने माझ्याकडे बोट दाखवलं, मी तिच्याकडे. आम्हाला हसू आलं. मोठेपणा एकमेकांना द्यायची ही आमची पहिलीच खेप.

रविवारी ट्रक दारात उभा असतानाच बायकोने किल्ली फिरवली, आणि इंजिन सुरू झालं! दोन्ही ठोके एकसारखे, स्वच्छ. ट्रकवाल्याने शिट्टी मारली आणि रिकामा ट्रक मागे घेतला. सासऱ्यांना बसवून आम्ही गल्लीला वळसा घातला, चढ चढलो, मुख्य रस्त्याला लागलो. सासऱ्यांचे डोळे वाहत होते. "जिंकलात, जावईबापू," ते म्हणाले. आयुष्यात इतका आनंद मला क्वचितच झाला असेल.

परत आल्यावर दोघांना चालू गाडीतच ठेवून मी हत्यारं आवरायला आत गेलो.

टेबलाखाली लाल चिंधीचं गाठोडं होतं.

सोडलं. आत डावा पिस्टन होता.

धूळ लागू नये म्हणून एकाने तो चिंधीत गुंडाळला असणार, आणि इंजिनावर चिंधी नाही म्हणून दुसऱ्याने काम पुरं झालं असं धरलं असणार.

बाहेर दोन्ही ठोके एकसारखे पडत होते.

मी दारातून ओरडलो, "बंद कर."

बायकोने किल्ली काढून मला दाखवली.

उजवी बाजू लगेच थांबली.