डिकीतली दुसरी बॅटरी

विश्वास ठेवा नाहीतर सोडून द्या, पण यात माझ्या पदरचा एक शब्दही नाही.

मी गाड्यांचं वायरिंग करतो. ताईला जाऊन दोन महिने झाले होते, तेव्हा भावजी गॅरेजवर आले. दाढी वाढलेली, शर्टाची बटणं वरखाली.

"स्पीकरसाठी वेगळी बॅटरी बसव. इंजिन बंद असतानाही चालले पाहिजेत."

"गाणी ऐकायचीत?"

त्यांनी गाडीची किल्ली माझ्या हातात ठेवली.

मी डिकीत दुसरी बॅटरी बसवली, ॲम्प्लिफायर तिच्यावर जोडला. म्हटलं, तेवढंच मन रमेल.

आठवड्यात तीनदा परत आले. दर वेळी बॅटरी ठार उतरलेली! तिसऱ्यांदा तर माझे हात धरून रडलेच.

"जास्त वेळ चालेल अशी दे रे... तिचं बोलणं अर्धंच राहतं."



त्या रविवारी भर दुपारी मी त्यांच्या इमारतीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये गेलो. भावजी गाडीत बसलेले. काचा बंद. मी शेजारी जाऊन बसलो. गाणं वगैरे काही नाही.

"ऐक..."

नुसती खरखर.

मग... खोकला.

ताईचा. शेवटच्या दिवसांतला, कोरडा.

भावजींचे गाल पार बसले होते. मागच्या सीटवर मी पाठवलेले जेवणाचे डबे, एकही उघडलेला नाही. हा माणूस हातचा जाणार, एवढंच मला कळलं. उतरून डिकी उघडली, पाना लावला आणि वायर खेचून काढली.

ॲम्प्लिफायरचा दिवा विझला.

खरखर थांबली.

आणि मग... स्पीकरमधून, अगदी स्वच्छ...

"बाळ्या, वायर काढलीस का रे? इथे काहीच दिसत नाहीये."

मला बाळ्या फक्त ताईच म्हणायची.

वायर माझ्या हातातच होती.

"लाव! अरे, लाव ना परत!" भावजी किंचाळले.

पाना दोनदा खाली पडला. कशीबशी लावली. दिवा लागला.

शांतता.

खरखरसुद्धा नाही.

संध्याकाळपर्यंत झटलो. नवी बॅटरी आणली, वायरी बदलल्या, स्पीकर बदलले. "ताई, बोल गं..." म्हणून मी स्पीकरच्या जाळीला तोंड लावून ओरडलो.

काही नाही.

भावजी आता जेवतात, कामावर जातात. माझ्याशी मात्र बोलत नाहीत.

ती कुठे होती, मला माहीत नाही. तिथला उजेड मीच घालवला का... हे विचारायचं तरी कुणाला?