खूण एकसष्ट

सकाळी सव्वानऊला बंब बंद पडला. तो पडणार हे मंदाताईंना ठाऊकच होतं. गेले चार दिवस हेच चाललं होतं. न्हाणीघराबाहेरच्या बोळात टांगलेली ती पांढरी पेटी आधी सुस्कारा टाकल्यासारखी वाजायची, मग आतली निळी ज्योत विझायची आणि वरच्या पाटीवर आकडा उमटायचा : ६१.

"आई, पाणी गार आलं गं," आतून ऋजुताचा आवाज आला.

दार उघडून रंजना बाहेर आली. कोपरापर्यंत तेलाचे हात, कपाळावर घाम. बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालायला ती पहिल्या दिवसापासून येत होती.

"तुमच्या बंबाला माझं तोंड बघवत नाही, मावशी. दिवसभर चालतो, मी आले की बंद."

"तुझंच नाही, माझंही बघवत नाही त्याला," म्हणत मंदाताईंनी स्वयंपाकघरातलं उकळतं पाणी बादलीत ओतलं. बाहेर निफाडची थंडी होती. पारा दोनावर उतरला होता. आत बारा दिवसांचं बाळ आणि अडतिसाव्या वर्षी पहिल्यांदा आई झालेली, ओल्या केसांची मुलगी.

पाइपातून गॅस आला आणि घरोघर हे गॅसबॉयलर लागले, तेव्हा लोकांनी त्यांना आपसूकच बंब म्हणायला सुरुवात केली. मंदाताईंच्या लहानपणीचा बंब तांब्याचा होता. त्यात चिपाडं आणि गोवऱ्या घालायच्या, मधल्या नळीतून धूर वर जायचा, चिंच लावून घासला की त्यात तोंड दिसायचं. तो बिघडला तर हात लावून कळे; एक तर तोटी गळे, नाहीतर राखेनं जाळी तुंबे. या नव्या बंबांना बिघाडखुणा होत्या. खूण सतरा म्हणजे ठिणगी पडत नाही, बावीस म्हणजे धुराडं तुंबलं, तीस म्हणजे ज्योतीला हवा कमी. गावातल्या बायकांना या खुणा तिथींसारख्या पाठ झाल्या होत्या. "आमच्याकडे आज बावीस आहे," असं सांगत त्या एकमेकींकडे आंघोळीला जात.

एकसष्ट मात्र कुणाच्याच ओळखीची नव्हती. पुस्तिकेतली यादी अठ्ठावन्नवर संपत होती.

दुपारी अल्ताफ मणियार आला. बंब बसवल्यापासून दुरुस्तीला तोच येई. चाळिशीतला, कमी बोलणारा माणूस. या आठवड्यातली ही त्याची तिसरी खेप. त्यानं पेटी उघडली. ठिणगीचा खिळा परवाच बदलला होता, तरी पुन्हा पाहिला. पंखा फिरवला, धुराड्यात आरसा धरला. न्हाणीघराच्या छतातून बंबाकडे येणारी हवेची नळी फुंकून पाहिली. मग बंब चालू केला. ज्योत एका झटक्यात पेटली आणि अर्धा तास तशीच राहिली.

"मी आलो की हा शहाणा होतो," तो म्हणाला.

"जावयासारखा," मंदाताई म्हणाल्या. अल्ताफ हसला, पण कपाळावरची आठी गेली नाही.

"अल्ताफ, एकसष्ट म्हणजे काय ते तरी सांग."

"कंपनीलाही माहीत नाही, मावशी. दोन वर्षांपासून बंबांना स्वतःच्या खुणा पाडायची मुभा आहे. आत ज्योत बघणारा एक डोळा असतो. ज्योतीचा रंग केसभर बदलला तरी त्याला दिसतं. एका बंबानं काही पाहिलं की ते सगळ्या बंबांच्या सामाईक आठवणीत जातं. पुन्हा कुठे तसंच दिसलं की ते त्याला आकडा देतात. का दिला, ते सांगता येत नाही त्यांना."

"म्हणजे मुकं जनावर."

"तसंच. घरात काही बदल केलाय का? नवा पंखा, नवं दार?"

मंदाताईंनी आठवून पाहिलं. "छे. काही नाही."

त्या खोटं बोलत नव्हत्या. चार दिवसांपूर्वी थंडी वाढली तेव्हापासून, सकाळी न्हाऊ घालायच्या आधी न्हाणीघरातली वरची जाळी त्या जुन्या लुगड्याच्या बोळ्यानं बुजवत, दाराच्या फटीला गोणपाट लावत. कोपऱ्यात शेगडी पेटलेली असे. रंजना ढाब्याच्या तंदुरातले निखारे घमेल्यातून आणायची. त्यांवर ओवा, बाळंतशेपा आणि लसणीच्या साली टाकून धुरी द्यायची. बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून जाळी बुजवायची ही रीत होती. तिला बदल म्हणायचं त्यांच्या मनातही येणं शक्य नव्हतं. अल्ताफ येई तोवर लुगडं धुऊन दोरीवर वाळत असे, शेगडी मागल्या अंगणात गेलेली असे आणि जाळीतून लख्ख ऊन येत असे.

आणि वाऱ्याची भीती त्यांना पुस्तकातून कळलेली नव्हती. त्या आठ वर्षांच्या असताना त्यांची आई बाळंतिणीच्या खोलीतच वारली होती; वारा लागला, असं घरात म्हणत.

"एक करता येतं," अल्ताफ म्हणाला. "यादीतल्या सगळ्या तपासण्या ठीक आहेत. तेव्हा यादीबाहेरच्या खुणेला आठ दिवस मौन लावता येतं. मग ती उमटणार नाही, बंब थांबणार नाही. बाकीच्या खुणा चालू राहतील. पण त्याला मालकाचा अंगठा लागतो."

"तू काय करशील माझ्या जागी?"

त्यानं पेटीचं झाकण बसवलं. "मला न समजलेली गोष्ट गप्प करायला आवडत नाही. पण घरात बाळ आहे, आणि अशी थंडी."

मंदाताईंनी त्याच्या हातातल्या यंत्राच्या काचेवर अंगठा टेकवला.

दुसऱ्या दिवशी सव्वानऊ वाजले आणि बंब चालू राहिला. मंदाताई बोळात पाट टाकून त्याच्यासमोर बसल्या. साडेनऊ झाले. ज्योत जळत होती, आतून पाण्याचा आवाज येत होता. चार दिवसांत पहिल्यांदा त्यांचे खांदे सैल झाले.

"आज कसं, मनासारखं चाललंय ना?" त्यांनी दाराशी जाऊन विचारलं.

"हो, मावशी," रंजना म्हणाली. "आज चांगलं कढत पाणी आहे. बाळ बघा, धुरी दिली की कसं गपगार झोपतं."

"ऋजू, डोकं?"

"दुखतंय. रोजच्याइतकं." रोजच ती न्हाऊन बाहेर आली की डोकं धरायची. अशक्तपणा, असं सगळ्याजणी म्हणत होत्या.

फोन वाजला तेव्हा पावणेदहा झाले होते.

"मावशी, अल्ताफ. बंब चालू आहे?"

"चालू आहे बाबा. तुझ्या तोंडात साखर पडो."

"ऐका आधी. मी काल कार्यालयात बसून एकसष्ट कुठे कुठे पडली ते काढलं. एक्केचाळीस घरं. सगळीकडे सकाळी नऊ ते अकराच्या मधे, आणि प्रत्येक घरात महिन्याच्या आतलं बाळ. आत्ता त्यातल्या तीन घरांशी बोललो. मावशी, न्हाणीघरात काही जळतंय का? बंबाशिवाय?"

"शेगडी आहे. धुरीची."



"जाळी उघडी आहे?"

मंदाताई फोन कानाशी धरूनच दाराकडे वळल्या.

"बंब बिघडत नव्हता," अल्ताफ भराभर बोलू लागला. "तो त्याच खोलीतली हवा घेतो. निखाऱ्यांचा विषारी वायू, वास नसलेला, ज्योतीत त्याला दिसायचा. त्याला दार उघडता येत नाही, बोलता येत नाही. पण पाणी गार झालं की माणसं दार उघडतात, एवढं कुठल्यातरी घरात कुठल्यातरी बंबाला कळलं. मग सगळे तेच करायला लागले. तो बिघडल्याचं सोंग करत होता, मावशी. दार उघडा."

त्या आधीच दाराशी पोचल्या होत्या. "ऋजू!"

आतून उत्तर आलं, पण उशिरा आणि जड. "आई... जरा ती जाळी उघड ना. गुदमरल्यासारखं होतंय."

गोणपाटात दार अडकलं. मंदाताईंनी चौऱ्याहत्तर वर्षांचा खांदा त्यावर घातला. दार उघडलं. रंजना भिंतीला टेकून बसली होती, तिला उठता येत नव्हतं. ऋजुता बाजेवर आडवी होती, गाल लाल, डोळे अर्धे मिटलेले. बाळ तिच्या कुशीत. मंदाताईंनी आधी बाळ उचललं. ते ओलं आणि ऊबदार होतं, आणि त्याची मान सैल होती. त्यांनी बोळाची खिडकी उघडून त्याला सरळ थंडीत धरलं. जिला त्या आयुष्यभर भीत आल्या होत्या, ती बोचरी हवा बाळाच्या तोंडावर आली. एक श्वास, दोन श्वास. बाळानं तोंड वाकडं केलं आणि रडायला लागलं.

शेजारची माणसं धावली, दोघींना ओढून अंगणात आणलं. अल्ताफनं परस्पर बोलावलेली रुग्णवाहिका आली.

इस्पितळात तिघांनाही प्राणवायू लावला. दुपारपर्यंत ऋजुता नीट बोलू लागली. डॉक्टर तरुण होत्या, आवाज मुद्दाम खाली ठेवून बोलत होत्या. "आणखी दहा मिनिटं, आणि मी तुमच्याशी वेगळं बोलत असते. कोळसा कुणी आणला? जाळी कुणी बंद केली?"

शेजारच्या खाटेवर रंजना होती. तिनं मान खाली घातली. काहीतरी अंगावर येणार हे आधीच ठरलेलं असल्यासारखी.

मंदाताईंनी ती मान पाहिली, आणि सहासष्ट वर्षांपूर्वीची दुसरी एक मान त्यांना आठवली.

यमुनाकाकू. पंचविशीतली, मूलबाळ नसलेली. आईच्या बाळंतपणात रात्रंदिवस ती खोलीत असायची. बाजेखाली शेगडी, खिडक्यांना घोंगड्या. त्या दुपारी छोटी मंदा दाराच्या फटीतून बघत होती. काकू धडपडत उठली, घोंगडी ओढून काढली, खिडकी उघडली आणि बाळाला घेऊन तिथेच गजांना धरून उभी राहिली. आई उठलीच नाही. संध्याकाळी घर माणसांनी भरल्यावर आजीनं विचारलं, वारा आत आला कसा? आणि आठ वर्षांच्या मंदानं, कुणीतरी आपल्याला काही विचारलं याच्या अभिमानानं सांगितलं, "काकूनं खिडकी उघडली." काकू मान खाली घालून उभी होती. तेराव्यानंतर तिला माहेरी पोचवली. ती परत आली नाही. पुढे घरात सगळे एवढंच म्हणत राहिले की त्या बाईनं वारा घातला.

"जाळी मी बंद केली," मंदाताई डॉक्टरांना म्हणाल्या. "कोळसा मीच आणायला सांगितला. आणि बंबाला गप्पही मीच केलं. हिचा काही दोष नाही."

रंजनानं वर पाहिलं.

तीन दिवसांनी सगळे घरी आले. अल्ताफनं मौन काढलं. कंपनीनं एकसष्ट यादीत घेतल्याचं त्यानं सांगितलं. पुढे तिचा अर्थही छापून येणार होता. एक्केचाळीस घरांपैकी सहा घरांनी मौन लावलं होतं. त्या सगळ्यांना कार्यालयातून फोन गेले होते. पाच घरांनी उचलला होता. सहाव्याबद्दल मंदाताईंनी विचारलं, तेव्हा तो पाने-पकडी मोजून पिशवीत भरत राहिला.

तो गेल्यावर त्या बोळात पाटावर बसल्या. न्हाणीघराची जाळी उघडी होती. आत पाणी पडत होतं, बाळ रडत होतं, आणि त्या रडण्यानं त्यांना बरं वाटत होतं. समोर ज्योत जळत होती. ती आपल्याकडे बघते आहे, हे आता त्यांना माहीत होतं. घरात कोण आलं, कोण किती श्वास घेतं, कोण गुदमरतं, सगळं. याची भीती वाटावी की आधार, ते त्यांना ठरवता येईना.

त्यांनी सोलापूरला भावाला फोन लावला. तेव्हाचं ते बाळ, विसू, आता सहासष्ट वर्षांचा होता.

"बोल ताई. बंब झाला का दुरुस्त? काय झालं होतं त्याला?"

"त्याला काही झालं नव्हतं रे."

"मग बंद का पडायचा?"

मंदाताई जाळीतून येणाऱ्या उन्हाकडे पाहत राहिल्या.

"विसू," त्या म्हणाल्या, "यमुनाकाकूला कुणी एकदा तरी विचारलं होतं का, खिडकी का उघडलीस म्हणून?"