आबांचे गुडघे आणि एकेचाळीस पायऱ्या

सहा महिने ज्या गुडघ्यांना कुणी काडीचंही काम करू दिलं नाही, ते गुडघे आधीपेक्षा जास्त का दुखतात?

रुंजीने हा प्रश्न वहीत लिहिला, त्याखाली दोन रेघा मारल्या आणि पेन्सिल टेबलावर आपटली. ती अकरा वर्षांची होती. पण गेल्या सहा महिन्यांत आपण आयुष्यभराचा वैताग सोसला आहे, असं तिचं ठाम मत होतं.

खिडकीपाशी आरामखुर्चीत तिचे आजोबा बसले होते. आबा, म्हणजे अनंत घाणेकर. त्यांनी चाळीस वर्षं कोकणात पूल बांधले आणि मग निवृत्त झाले. त्यांच्या शेजारी सदू उभा होता. सदू हा घरातला मदतनीस यंत्रमानव. त्याला चार हात होते, आणि आवाज इतका गोड की त्याच्याशी धड भांडताही येत नसे.

"आबा, गरम शेकाची वेळ झाली," सदू म्हणाला. "दहा मिनिटांनी बर्फाचा."

"दोन्ही कशाला?" रुंजीने विचारलं.

"गरम शेक शेजारच्या पुष्पाकाकूंनी सांगितला, बर्फ गोठणकरमामांनी. दोघंही वडीलधारी आहेत."

सगळी गोची इथेच होती. सदू घरी आला त्या दिवशी रुंजीच्या बाबांनी मोठ्या कौतुकाने त्याला पहिली आज्ञा दिली होती, 'वडीलधाऱ्यांचं ऐकायचं.' सदू ती तंतोतंत पाळत होता. दोन सल्ले एकत्र पाळता आले तर तो दोन्ही पाळायचा. नाहीच जमलं, तर ज्याचं वय जास्त त्याचा सल्ला वरचढ.

आणि सल्ल्यांना काय तोटा? घरी चहाला येणारा प्रत्येक माणूस जाताना आबांच्या गुडघ्यांसाठी एक उपाय ठेवून जाई. जिना चढू नका. उभे राहू नका. पाय खाली सोडू नका. सदूकडे असे सव्वीस सल्ले जमा झाले होते. सगळ्यांचं सार एकच, आबांनी खुर्ची सोडायची नाही. पाणी सदू आणे, चष्मा सदू आणे, आणि फुलं बघायची झाली तर कुंडीसुद्धा सदूच उचलून आणे.

"आज आबा चौदा पावलं चालले," सदूने जाहीर केलं. "कालपेक्षा सहा कमी. छान प्रगती!"

रुंजीने कपाळावर हात मारला.

तिला घाई होती, कारण बरोबर दहा आठवड्यांनी नदीवरच्या साकवाची भारचाचणी होती. साकव म्हणजे पायी जाण्यापुरता लहान पूल. हा साकव आबांनी तरुणपणी बांधलेला, आबांचा सगळ्यात पहिला. आता त्याची मोठी दुरुस्ती झाली होती. भारचाचणीत पुलावर वाळूच्या गोण्या रचतात आणि पूल किती वाकतो ते मोजतात. त्या वेळी आबा पुलाखाली उभे राहत. प्रत्येक पुलाच्या चाचणीला, न चुकता. "माझ्या गणितावर माझाच विश्वास नसेल, तर लोकांनी का ठेवावा?" असं ते म्हणत.

पण साकवाखाली जायचं तर जांभ्या दगडाच्या एकेचाळीस उंचसखल पायऱ्या उतरायला हव्यात.

"बघू," आबा खिडकीबाहेर बघत म्हणाले. "नाहीतर या वेळी सदूच उभा राहील माझ्या जागी."

"पूल सदूने बांधला होता का?" रुंजी ओरडलीच.

आबांनी मान पुन्हा खिडकीकडे वळवली. याचाच तिला जास्त राग आला. दुसऱ्या दिवशी तिने आईच्या मागे लागून डॉ. नसीमा परकार यांची वेळ घेतली. त्या अस्थिरोगतज्ज्ञ (हाडं आणि सांधे यांच्या खास डॉक्टर) होत्या.

डॉक्टरांच्या दवाखान्यात एक लांबलचक पट्टी होती. तिच्यावरून चाललं, की भिंतीवर चालचित्रक (चालता चालता सांध्याच्या आतलं चित्र दाखवणारं यंत्र) गुडघा उघडून ठेवल्यासारखा दाखवत असे.

"काका, काठी उजव्या हातात का?" डॉक्टरांनी विचारलं.

"उजवा गुडघा जास्त दुखतो म्हणून."

"डावीकडे घ्या. दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हाताला काठी हवी. आपण पाऊल टाकतो तेव्हा उजवा पाय आणि डावा हात एकदम पुढे येतात ना? मग उजव्या पायावर वजन पडतं, त्याच क्षणी काठी दुसऱ्या बाजूने आधार देते."

आबांनी काठी बदलली आणि चार पावलं टाकली. भिंतीवरचा भाराचा आकडा खाली आला. आबांच्या भुवया वर गेल्या. पूल बांधणाऱ्या माणसाला ही गोष्ट सहा महिने सुचली नव्हती.

मग डॉक्टरांनी चित्रावर बोट ठेवलं. "हे मांडीचं हाड, हे नडगीचं. दोन्ही हाडांच्या टोकांवर ही गुळगुळीत गादी आहे. हिला कूर्चा म्हणतात. तुमची काही ठिकाणी घासली आहे. ती पहिल्यासारखी करण्याचं औषध आज माझ्याकडे नाही, हे स्वच्छ सांगते."

"पुलाच्या खांबावर आम्ही रबराची गादी घालतो, तशी," आबा म्हणाले.

"अगदी तशी. सपाटीवर चालताना गुडघ्यावर आपल्या वजनाच्या अडीच-तीन पट भार येतो. पायऱ्या उतरताना आणखी जास्त. तुमचं वजन अठ्ठ्याहत्तर किलो, म्हणजे एका पायरीला एका गुडघ्यावर अडीचशे किलोच्या आसपास. हा भार सगळाच गादीवर पडू नये म्हणून मांडीचा पुढचा स्नायू धक्का झेलतो. तुमचा स्नायू सहा महिन्यांत एवढा रोडावलाय, बघा. म्हणून दुखणं वाढलं. आता रोज व्यायाम आणि मोजून चालणं."

आबा उसळले. "घासलेली गादी म्हणता आणि वर तीच वापरा म्हणता? घासलेलं टायर कुणी जास्त पळवतं का?"

"टायर मेलेलं असतं, काका. कूर्चा जिवंत आहे." डॉक्टर रुंजीकडे वळल्या. "तुला एक कोडं घालते. कूर्चेत रक्तवाहिनी नाही, एकही नाही. मग ती जेवते कशी? घरी भांडी घासायचा स्पंज आहे ना? त्याला विचार."

घरी येताच रुंजीने स्पंज कोकमाच्या आगळात, म्हणजे घट्ट लाल रसात, बुडवला. लालभडक झाल्यावर तो स्वच्छ पाण्याच्या वाडग्यात ठेवला. दहा मिनिटं झाली. कडेला थोडा लाल रंग उतरला, पण स्पंज आतून लालच. मग तिने तो दाबला आणि सोडला, पुन्हा दाबला आणि पुन्हा सोडला. आगळ बाहेर आलं, स्वच्छ पाणी आत गेलं. पाचव्या वेळेला स्पंज जवळपास पांढरा!

"आबा!" ती किंचाळली. "सांध्यात पाणी असतं ना?"

"वंगण म्हणतात त्याला. सांध्यातला चिकट द्रव," आबा म्हणाले.

"तेच तिचं जेवण! पाऊल टाकलं की गादी दाबली जाते, वापरलेला द्रव बाहेर पडतो. पाऊल उचललं की ताजा आत येतो. तुम्ही सहा महिने पाऊलच टाकलं नाही. आराम म्हणून आपण तिला उपाशी ठेवलं!"

आबांनी वाडगा स्वतःकडे ओढला. स्पंज पुन्हा आगळात बुडवून स्वतः करून बघितलं, दोनदा. कुणाच्या सांगण्यावर विश्वास ठेवायची त्यांना सवयच नव्हती. गुडघे तेवढे याला अपवाद होते.

"सदू, डॉक्टरांचा व्यायाम लिहून घे," रुंजी म्हणाली. "खुर्चीत बसून पाय सरळ करणं, दहा वेळा. दिवसातून..."

"क्षमस्व," सदू गोड आवाजात म्हणाला. "डॉक्टर चौतीस वर्षांच्या आहेत. पुष्पाकाकू एकाहत्तर. काकूंचा सल्ला वरचढ आहे. आबा, पाय वर घ्या."

रुंजीने उशी उचलून सदूला मारली. सदूने ती झेलून आबांच्या पायाखाली ठेवली.

"आबा, तुम्ही त्याला काहीतरी सांगा ना! या घरात सगळ्यांत मोठे तुम्ही आहात. वय वर्षं चौऱ्याहत्तर!"

आबा चाचरत म्हणाले, "पुष्पाताईंना वाईट वाटेल गं. आपुलकीने सांगतात."

"मग साकवाचे खांब किती जाडीचे ठेवायचे ते पण काकूंनी आपुलकीने सांगितलं होतं का?"

सदूचे चारही हात जागच्या जागी थांबले. आपण जास्तच बोललो, असं रुंजीला वाटलं.

आबांनी वाडग्यातल्या लाल पाण्याकडे पाहिलं. "चाळीस वर्षं हाताखालच्या पोरांना मी एकच सांगत आलो," ते हळूच म्हणाले. "ज्याने मोजलं नाही, त्याने बोलू नये." ते ताठ बसले. "सदू! जुनी आज्ञा बदल. मान सगळ्या वडीलधाऱ्यांना द्यायचा. पण उपाय पाळायचा तो ज्याने तपासून, मोजून सांगितला असेल त्याचा."

सदूचे डोळे लुकलुकले. "सव्वीस सल्ले तपासले. मोजून सांगितलेले, शून्य. पाय खाली घ्या, आबा."

पुढचे आठवडे सोपे गेले, असं म्हणणं म्हणजे थाप होईल. आबा दहा वेळांऐवजी सात वेळा पाय सरळ करत आणि 'दहा झाले' म्हणत. रुंजी मोजत असे, सदूही मोजत असे. आबा दोघांवर डाफरत. एकदा बरं वाटलं म्हणून न विचारता थेट बाजारापर्यंत चालले आणि गुडघा टम्म सुजवून घरी आले. डॉक्टरांनी तपासून दोन दिवस बेत हलका केला. "भुकेल्याला एकदम पंगतीला बसवलंत तर पोट बिघडणारच," त्या म्हणाल्या. "रोज थोडं वाढवा. आणि सूज आली, सांधा अडकला किंवा ताप आला, तर अंदाज बांधत बसू नका. मला दाखवा." वेदना शून्य ते दहापैकी किती, हे रुंजी रोज वहीत लिहू लागली. सात. सात. सहा. पुन्हा सात! (इथे पेन्सिलीचं टोक मोडलेलं दिसतं.) पाच. मग चार.

भारचाचणीच्या सकाळी साकवावर गोण्या रचून झाल्या. आबा पायऱ्यांच्या तोंडाशी उभे राहिले. काठी डाव्या हातात, उजवा हात कठड्यावर. उतरताना दुखरा पाय आधी खाली, मग दुसरा. डॉक्टरांनी शिकवलं होतं तसंच.

तेविसाव्या पायरीवर ते थांबले. कपाळावर घाम होता. वरून सदू झपकन पुढे सरकला.

"थांब!" रुंजी ओरडली. "आबा, किती?"

"चार," आबा म्हणाले. मग श्वास घेऊन, "साडेतीन."

"चारपर्यंत पायऱ्या उतरत राहावं, हे डॉक्टरांनी मोजून सांगितलेलं आहे," सदू म्हणाला आणि स्वतःहून मागे झाला. आठ महिन्यांत पहिल्यांदाच रुंजीला त्याची पाठ थोपटावीशी वाटली.

एकेचाळिसावी पायरी. वाळू. आबा साकवाखाली जाऊन उभे राहिले आणि वर बघू लागले. शेवटची गोणी पडली. पुलाखाली लावलेल्या मापकाचा काटा सरकला.

"सहा मिलिमीटर!" आबांनी खालून आवाज दिला. गोण्या उतरवल्या, तसा काटा हळूहळू मागे आला, थेट शून्यापाशी. काठावर टाळ्या वाजल्या.

रुंजी धावत खाली गेली. आबा खांबावरच्या नव्या काळ्या रबरी गादीकडे बघत होते.

"ही बदलता आली," ते म्हणाले. "परकार डॉक्टर सांगत होत्या, माणसाच्याच पेशींपासून कूर्चा वाढवायचे प्रयोग चालू आहेत. माझ्या वेळेपर्यंत होईल की नाही, कुणास ठाऊक. तुझ्या हाताने झालं तरी चालेल."

"माझ्या?"

"स्पंज घेऊन तू शिकवलंस, तेवढं मलाही कुणी शिकवलं नव्हतं."

तेवढ्यात वरून पुष्पाकाकूंची हाक आली, "अहो घाणेकर, चढताना गुडघ्याला एरंडाचं पान बांधा हो!"

आबांनी काठी डाव्या हातात घेतली, चांगला पाय पहिल्या पायरीवर ठेवला आणि वर बघून तितक्याच मोठ्याने विचारलं, "मोजलंत का, पुष्पाताई?"