बुंध्याचं वळण

ट्रॅक्टर सांगायला मी दुपारीच गेलो होतो. ट्रॅक्टरवाला लांबचा होता, आमच्या रानात त्यानं कधी पाऊल टाकलेलं नव्हतं, म्हणून तर त्याला धरला. ओळखीच्या माणसानं माझं ऐकलं नसतं.

"अर्धं रान नांगरलेलं आहे, अर्धं राहिलंय. या बांधापासून त्या बांधापर्यंत सरळ जायचं. मध्ये गवताचा एक तुकडा लागेल, तोही उलटायचा," मी म्हटलं.

"आपलं काय, चाक नेईल तिकडं आपण जायचं," तो म्हणाला. तोंडात सुपारी होती, आणि ती असूनही बोलायचा थांबत नव्हता. "घरचे बैल रुसलेत का?"

मी भाडं ठरवलं आणि निघालो.

त्या तुकड्याचं आधी सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. पणजोबा इथं आले तेव्हा सगळं जंगल होतं. सोबत पणजी, एक कुऱ्हाड आणि एक बैलजोडी, एवढाच संसार. झाडं पाडून त्यांनी रान मोकळं केलं. सगळ्यात मोठं झाडही पाडलं, पण त्याचा बुंधा काही केल्या निघेना. मग नांगर त्याला वळसा घालून न्यायचे. पुढं आजोबांनी तो बुंधा जाळून काढला. बाबांनी तर तो पाहिलाही नाही. वळण मात्र राहिलं, आणि वळणाच्या आत नांगर न लागलेला गवताचा तुकडा.

ते बैलांमुळं. नवा बैल जुन्याच्या जोडीला जुंपून शिकवायचा असतो. जुना वळतो तिथं नवा वळतो. मग नवाच म्हातारा होतो आणि त्याच्या शेजारी दुसरा पोरगेला येतो. आमचीही जोडी तशीच. जुन्याला आम्ही म्हातारा म्हणतो. नव्याचं नाव दादानं जावई ठेवलं, कारण तो खातो भरपूर आणि कामाला बोलावलं की तोंड फिरवतो. पण वळणाला तोही चुकत नाही. दादा म्हणायचा, "आपल्या घरात अक्कल बैलांकडून आली. राग तेवढा आजोबांकडून."

त्या गवतावर आम्ही जेवायला बसायचो. झाड नाही, सावली नाही, तरी तिथंच. आजोबा बसायचे, मग बाबा, मग दादा. मागून कोणी आलं की आधीचा जरा सरकायचा आणि शेजारच्या जमिनीवर डावा तळवा दोनदा आपटायचा. म्हणजे, टेक. बोलायचं नाही, एवढंच करायचं. मी शाळेतून पळून आलो की दादाही तसाच तळवा आपटायचा. जेवण अर्धं माझ्यापुढं सरकवायचा आणि विचारायचा, "आज मास्तर पळाले की तू?"

गेल्या महिन्यात, नांगरट अर्ध्यावर आली असताना, तो तिथंच जेवला. तोंडावर टॉवेल टाकून आडवा झाला. उठलाच नाही. डॉक्टर हृदय म्हणाले. असेल. पण मला ती जागा डोळ्यांसमोर नको झाली. बैल सरळ घालायला गेलो तर म्हातारा वळला, त्याच्यामागं जावई वळला. मी दोघांना नको नको ते बोललो आणि ट्रॅक्टर आणायला निघालो.

निघताना वहिनी उंबऱ्यात उभी होती. "भावजी, तेवढी जागा राहू द्या."

"कशाला?"

तिनं पोराला कडेवर घेतलं आणि आत गेली.

ट्रॅक्टर आला तो दिवेलागणीला. त्याचा एकच दिवा लागत होता. मी बांधावर बसलो. तो लांब गेला की आवाज मऊ व्हायचा, जवळ आला की छातीत घुमायचा. उलटलेल्या मातीचा वास सुटला. हा वास आला की आई चूल पेटवायची, मला हात धुऊन ये म्हणायची. नांगराचे तास सरळ पडत होते. गवतापाशी आल्यावर मात्र दिवा बाजूला गेला आणि वळसा घालून पुन्हा रेषेवर आला. पुढच्या फेरीलाही तेच झालं.

मी धावत जाऊन आडवा उभा राहिलो. त्यानं इंजिन बंद केलं. एकदम सगळं गप्प झालं.

"वळलास कशाला?"

"मग काय झाडावर घालू?"

"कुठलं झाड?"

"एवढं मोठं दिसत नाही होय? आणि खाली माणसं जेवतायत. जेवणाऱ्याला उठवायचं म्हणजे... तुम्हीच सांगा ना त्यांना."

दिव्याच्या उजेडात मला नुसतं गवत दिसत होतं. "कसली माणसं?" मी हळूच विचारलं.

"म्हातारी आहेत दोन-तीन. एक तरणा आहे, खांद्यावर टॉवेल. तुम्ही आलात तसा तो सरकला, आणि हात असा..." त्यानं डावा तळवा मडगार्डवर आपटला. दोनदा. मग माझ्या तोंडाकडं पाहिलं, पुन्हा गवताकडं पाहिलं. सुपारी थुंकली. त्यानं ट्रॅक्टर चालू केला, नांगर वर उचलला आणि सरळ रस्त्याला लागला.

मी गवतात गेलो. ताज्या तोडलेल्या लाकडाचा वास येत होता, ओला, डिंकाचा. वारा नव्हता, तरी डोक्यावर पानं सळसळत होती. वर पाहायचा धीर झाला नाही. खरं तर भीतीपेक्षा मला भूक लागली होती. दादा गेल्यापासून पहिल्यांदा. गवत एका जागी दबलेलं होतं. त्याच्या शेजारी मी गुडघे वाकवले.

"भावजी, बसू नका."

वहिनी बांधावर होती, हातात कंदील, कडेवर पोरगा. झोपलेलं मूल उठू नये तशा आवाजात बोलली.

"दादानं बोलावलंय..."

"माहीत आहे."

"तुला काय माहीत?"

"मी रोज येते संध्याकाळी. बसूनही पाहिलं." ती जवळ आली. "माझ्यासाठी नाही सरकले हे. तुम्हाला बोलावतील वाटलंच होतं. पहिल्यापासून त्यांच्यामागं शेपटासारखे तुम्हीच."

तिला राग आला होता की रडू, मला कळलं नाही. तिनं पोरगा माझ्या हातात दिला. झोपेनं जड झालेला. "याला नांगर धरायला मी शिकवू?" ती म्हणाली. "उठा."

त्याला सांभाळायचं म्हणून मी गुडघे सरळ केले. परत येताना तिनं कंदील माझ्या पायांपुढं धरला होता. मागं कोणी पाहिलं नाही.

सकाळी मी म्हातारा आणि जावई जुंपले. तुकड्याच्या अलीकडची बाजू राहिली होती, ती धरली. हाताला काही करावं लागलं नाही, वळण आलं तसे बैल वळले. पण एक पाऊल आधीच. मी मागं घेतले, पुन्हा हाकले. पुन्हा तिथंच वळले. तिसऱ्यांदा मी कासरा ढिला सोडला.

म्हणून गवताच्या कडेला एवढीशी जमीन यंदा नांगराशिवाय राहिली. गेल्या वर्षीचीच माती, मांडी घालून एक माणूस बसेल एवढी. मी आता बांधावर जेवतो. पण ती जागा रोज बघून येतो.

कालपर्यंत तिथं माती होती. आज सकाळी गवत फुटलंय.